फॅन फिरला म्हणजे एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) ओकेच असं नाही
गेम लावला की पीसी बंद पडतो, या तक्रारीवर कुणीतरी सुचवलंय की एसएमपीएसची हिरवी-काळी वायर जोडून फॅन फिरला म्हणजे जुना एसएमपीएस चांगला, पण त्यावर विसंबू नका, त्यातून तो चालू होतो एवढंच कळतं, लोड (जास्त वीज लागते तेव्हाचा ताण) घेतो का ते नाही. गेम लावल्यावरच पीसी बंद पडतोय ना, मग मल्टीमीटर डीसीवर ठेवून मोकळ्या मोलेक्समध्ये (एसएमपीएसचा चार पिनांचा कनेक्टर) काळा प्रोब काळ्या वायरला, लाल पिवळ्याला लावा आणि गेम चालू असतानाच रीडिंग बघत रहा, 11.4 व्होल्टच्या खाली घसरलं की विषय संपला, एसएमपीएस खराब. एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारून कपॅसिटरची (चार्ज साठवणाऱ्या डबीसारख्या भागांची) डोकी फुगलीयत का तेही बघा, तळाशी गोंद दिसेल तो कंपनीचाच असतो, गळती नव्हे. खोलू मात्र नका प्लीज, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.