पर्सनल ट्रेनरची नोकरी : पगार, पाळ्या आणि हिशेबात न धरलेले तास

जुनाजाणता
भाचीला एका हेल्थ क्लबमध्ये पर्सनल ट्रेनर म्हणून नोकरी लागली असून तिने नेमणूकपत्र वाचून पाहण्यासाठी काल माझ्याकडे पाठवले. 'मानधन पूर्ण झालेल्या सेशनच्या प्रमाणात देय राहील' या ओळीपाशी मी थबकलो, कारण हा व्यवसाय सोडेपर्यंत माझे घर याच ओळीवर चालत होते. मेंबर तासाला जे पैसे मोजतो ते ट्रेनरच्या खिशात जातात, असा बाहेरच्यांचा समज असतो. माझ्या क्लबमध्ये शंभरातले साठ क्लब ठेवून घेत असे आणि चाळीस मला मिळत. जागा, यंत्रे आणि येणारी माणसे क्लबची असल्यामुळे त्याने वाटा घेण्याला माझी हरकत नव्हती. हरकत होती ती उरलेल्या तासांबद्दल. नव्या मेंबरची मोफत चाचणी घेणे, त्याच्याकडून दुखण्याखुपण्यांची प्रश्नावली भरून घेणे, आठवड्याचा आराखडा आखणे, पॅकेज संपत आलेल्यांना रिन्युअलसाठी फोन करणे आणि लोकांनी वाटेल तिथे टाकलेली डंबेल रॅकवर परत ठेवणे, ही सगळी कामे 'फ्लोअर ड्युटी' या एका नावाखाली मोडत आणि त्यांचे वेगळे पैसे मिळत नसत. सेशन चारच झाली तरी हजेरी दिवसभराची लागत असे. ज्यांनी हे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत.

पहाटपाळी
मेंबर नोकरीला जाण्याआधी येतात किंवा नोकरीवरून सुटल्यावर येतात, त्यामुळे ट्रेनरचा दिवस मधोमध चिरला जातो. पहाटे साडेपाचला फ्लोअरवर उभे राहायचे, दहा वाजता मोकळे व्हायचे आणि पुन्हा संध्याकाळी पाच ते रात्री दहा. मधले तास सुट्टीचे म्हणून धरले जातात; परंतु घर लांब असेल तर त्यातला बराच वेळ प्रवासात जातो आणि उरलेला स्टाफरूममधल्या बाकावर. प्रौढ माणसाने रोज किमान सात तास झोपावे, अशी शिफारस अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी 2015 साली केली होती आणि मी ती प्रत्येक क्लायंटला ऐकवत असे. रात्री दहाला सुटून पहाटे साडेपाचला हजर होणाऱ्या माणसाने ती स्वतः कशी पाळावी, हे मला कोणी विचारले नाही, हे बरेच झाले.

हजरजबाबी
चोवीस तास आधी न कळवता सेशन रद्द केल्यास ते भरले असे समजले जाईल, हा नियम आमच्या क्लबच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लावलेला होता. मेंबर जुना असेल, तर मॅनेजर त्याला तोंडी सूट देऊन टाकत असे. औदार्य क्लबचे आणि बुडालेला तास ट्रेनरचा, अशी ती वाटणी होती.

जमाखर्च
मी ट्रेनर नाही. एका क्लबचे हिशेब काही वर्षे पाहत होते, त्यामुळे दुसरी बाजू मांडते. मेंबर वीस सेशनचे पॅकेज आगाऊ पैसे भरून घेतो, तेव्हा ती रक्कम लगेच क्लबचे उत्पन्न ठरत नाही. सेशन होत जातील तसतशी ती उत्पन्नात धरावी लागते. ट्रेनरचा वाटाही त्याच वेळी देय होतो. मुदत संपेपर्यंत जी सेशन घेतली जात नाहीत, त्यांचे पैसे मात्र क्लबकडेच राहतात आणि त्यातला काहीही भाग ट्रेनरला मिळत नाही, मग ते पॅकेज त्याने स्वतः खपवलेले का असेना. क्लबचालक दुष्ट असतात असे मी म्हणणार नाही. जागेचे भाडे आणि यंत्रांचे हप्ते दरमहा ठरलेले असतात, तर जानेवारीत संकल्प करून आलेली गर्दी पुढच्या काही महिन्यांत विरळ होते. क्लबच्या खर्चात जो भाग कमी-जास्त करता येतो तो प्रामुख्याने ट्रेनरचा मोबदला, आणि म्हणून मंदीचा धोका सेशनच्या दराच्या रूपाने त्याच्या अंगावर ढकलला जातो. मूळ मेख इथे आहे असे माझे मत आहे; वाटा चाळीसचा की पन्नासचा, हा प्रश्न त्यानंतरचा.

पहाटपाळी
@जमाखर्च, न वापरलेल्या सेशनचा हा हिशेब मला आजवर कोणीही इतक्या स्पष्टपणे सांगितला नव्हता. आभारी आहे.

पुन्हापरीक्षा
प्रमाणपत्राचा खर्चही यात धरायला हवा. एसीई आणि एनएएसएम या ट्रेनरना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थांचे प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावे लागते आणि त्यासाठी सुमारे वीस तासांचे पुढील शिक्षण दाखवावे लागते; एसीएसएम या तशाच संस्थेच्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायच्या प्रथमोपचाराचे, प्रशिक्षण वेगळे. 'आमचे सर्व ट्रेनर प्रमाणित आहेत' असे फलक क्लब अभिमानाने लावतात, पण शुल्क ट्रेनर भरतो आणि अभ्यासासाठी घेतलेल्या रजेच्या दिवशी सेशन नसल्यामुळे त्या दिवसाची कमाईही बुडते.

सईची आई
गरोदरपणात आणि त्यानंतर मी काम थांबवले, तेव्हा सेशन नाही म्हणून मोबदला नाही, असे मला सरळ सांगण्यात आले, कारण कागदोपत्री मी 'स्वतंत्र व्यावसायिक' होते. या स्वतंत्र व्यावसायिकाचा गणवेश, वेळापत्रक, दर आणि फ्लोअरवर बसायचे नाही हा दंडक, हे सारे क्लब ठरवत होता. माझे क्लायंट अर्थातच दुसऱ्या ट्रेनरकडे वळवले गेले, आणि त्यांना तिची सवय झाल्यावर परत मागणे मलाही प्रशस्त वाटले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची 2006 सालची 198 क्रमांकाची शिफारस रोजगारसंबंधाविषयी आहे; काम कोणाच्या सूचनेनुसार, कोणाच्या जागेत आणि कोणी ठरवलेल्या वेळेत चालते, या खुणांवरून माणूस नोकर आहे की नाही हे ओळखावे, करारात त्याला काय नाव दिले आहे एवढ्यावरून नव्हे, असे त्यात सुचवले आहे. ती मी फार उशिरा वाचली.

जुनाजाणता
@सईची आई, ताई, ही माहिती भाचीला आजच वाचायला देतो.

ठेकेदार
याच्या उलट पद्धतीचाही मला अनुभव आहे. क्लबला दरमहा ठरावीक भाडे द्यायचे आणि क्लायंटकडून येणारे सर्व पैसे स्वतः ठेवायचे. दर आणि वेळा माझ्या हातात होत्या, फोन करून पॅकेज खपवण्याचे टार्गेट नव्हते आणि गर्दीच्या महिन्यांत पूर्वीपेक्षा बरीच जास्त मिळकत होत असे. सुट्ट्यांच्या हंगामात क्लायंट गावाला जात, तेव्हा मात्र भाडे तेवढेच राही. जमाखर्च यांनी सांगितलेला धोका इथेही आपल्याच अंगावर असतो, फक्त तो स्वतःच्या सहीने पत्करलेला असतो.

कानात बोळे
पगाराबद्दल सर्वांनी लिहिले आहेच. मी क्लबमध्ये लावलेल्या गाण्यांच्या गोंगाटाबद्दल लिहितो. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल आवाजात आठ तासांपेक्षा जास्त काम करू नये आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे 94 डेसिबलला ती एका तासावर येते. मेंबर तासाभराने निघून जातो, ट्रेनर पाळीभर तिथेच उभा असतो आणि त्या आवाजावर मात करून रेप्स, म्हणजे व्यायामाची आवर्तने, मोजत राहतो. घसा बसला म्हणून सेशन रद्द करावे, तर त्याचेही पैसे जातात. आवाज कमी करण्याची विनंती केल्यावर 'मेंबरना जोश हवा असतो' हे ठरलेले उत्तर मिळते.

हजरजबाबी
आमच्याकडे वाद्यसंगीत लावून पाहिले होते. ट्रेडमिलवरच्या एका काकांनी तक्रारवहीत 'झोप येते' असे लिहिले आणि तो प्रयोग दुसऱ्याच दिवशी बंद पडला.

नियमित मेंबर
मी केवळ मेंबर आहे. एकच पॅकेज संपेपर्यंत माझे तीन ट्रेनर बदलले आणि प्रत्येक वेळी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची हकिकत मला नव्याने सांगावी लागली. ट्रेनर सोडून गेला की उरलेल्या सेशनमधला त्याचा वाटा कोणाला मिळतो?

जमाखर्च
@नियमित मेंबर, जो ट्रेनर ते सेशन प्रत्यक्ष घेतो त्याला. आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्यांचा टक्का जुन्यांपेक्षा कमी असे, त्यामुळे जुना ट्रेनर गेल्यावर त्याच पॅकेजमधून क्लबकडे पूर्वीपेक्षा थोडे अधिक पैसे उरत. जाणाऱ्याला थांबवून घेण्याची घाई व्यवस्थापनाला का नसे, हे मला ताळेबंद लिहितानाच समजले.