सेप्टिक टँकसाठी टिकाऊ सबमर्सिबल पंप कसा निवडावा?

हुडकेश्वरवासी (प्रश्न)

नमस्कार. नागपुरात हुडकेश्वर भागातील एका जुन्या लेआउटमध्ये आमचे घर आहे. घरापुढचा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा बराच उंच झाला आणि गडरलाइनचे चेंबरही त्याच हिशेबाने वर आले. त्यामुळे सेप्टिक टँकचे पाणी उताराने जात नाही, पंपाने उपसून चेंबरमध्ये सोडावे लागते. टाकी विटांची, दोन कप्प्यांची आहे. दुसऱ्या कप्प्यात १ अश्वशक्तीचा ओपनवेल सबमर्सिबल (विहिरीसाठीचा, पाण्यात बुडून चालणारा पंप) सोडला होता. दुकानदाराने तो ‘सगळ्या पाण्याला चालतो’ असे सांगून दिला. पहिल्याच पावसाळ्यात तो अडकू लागला आणि या उन्हाळ्यात वायंडिंग (मोटरमधील तारेची गुंडाळी) जळाले. उपशाच्या पातळीपासून चेंबरपर्यंतची उंची सुमारे २.५ मीटर, अंतर १८ मीटर, आणि घरात ६ माणसे आहेत. आता दीड अश्वशक्तीचा घ्यावा काय? बाजारात बिडाचे, स्टीलचे, कटरवाले (मैला कापणारी पाती असलेले) असे अनेक प्रकार दाखवतात आणि किमतींत फार तफावत आहे.

वायंडिंग कारागीर

अश्वशक्ती वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर सहा जणांचे ८१० लिटर होतात, आणि मिनिटाला १५० लिटर फेकणारा साधा पंप ते पाच-सहा मिनिटांत उपसतो. म्हणजे तुमचा पंप दिवसभर काम करून झिजत नाही, तो घाणीत नुसता बसून खराब होतो. त्यामुळे निवड करताना मोटरच्या ताकदीपेक्षा पाणी आत शिरू न देण्याची सोय पाहावी.

दुरुस्तीला आलेला असा पंप उघडला की बहुधा हेच दिसते: पंख्याच्या (पाणी फेकणाऱ्या फिरत्या चकतीच्या) मागे शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, केस आणि धागे घट्ट गुंडाळलेले, त्यांनी सीलचे (मोटरमध्ये पाणी शिरू न देणाऱ्या भागाचे) तोंड किंचित उचलून धरलेले, सीलची स्प्रिंग गंजलेली आणि आतले तेल पाणी मिसळून दुधासारखे पांढुरके झालेले. तेथून बेअरिंगला गंज चढतो आणि शेवटी वायंडिंग जाते. मालक म्हणतो मोटर जळाली. प्रत्यक्षात सील कित्येक महिने आधीच गेलेले असते.

ओपनवेल पंप स्वच्छ पाण्यासाठी असतो. त्याचा पंखा बंद पद्धतीचा, पाण्याच्या वाटा अरुंद. तुम्हाला सांडपाण्याचा पंप हवा आणि त्यातही व्होर्टेक्स पंख्याचा, म्हणजे ज्यात पंखा मागे सरकवलेला असतो आणि घन पदार्थ त्याला फारसे न लागता भोवऱ्यातून बाहेर पडतात. २५ ते ३५ मिलिमीटरचा घन तुकडा पार करणारा पुरे. बॉडी बिडाची, शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा, मोटरमध्ये थर्मल ओव्हरलोड (मोटर तापली की ती बंद करणारी सोय), आणि दोन मेकॅनिकल सील, मध्ये तेलाचा कप्पा. दुकानात एकच प्रश्न आग्रहाने विचारा: खालचे सील कशाचे आहे? उत्तर सिलिकॉन कार्बाइड असेल तर पुढे बोला. पातळ पत्र्याचे हलके पंप तळघरातले पावसाचे पाणी काढायला चांगले आहेत. सेप्टिक टँकमध्ये मी ते कुणाला सुचवणार नाही. किर्लोस्कर, केएसबी, सीआरआय यांचे सांडपाण्यासाठी वेगळे पंप येतात, पण डब्यावरच्या नावापेक्षा मॉडेलचा तपशील वाचावा आणि त्याची सील-किट नागपुरात मिळते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

निवृत्त स्थापत्य अभियंता

वरील उत्तर योग्य आहे. मी जागेबद्दल आणि हेडबद्दल (पंपाला पाणी किती उंच चढवावे लागते, पाइपातील घर्षण धरून) लिहितो.

पंप टाकीच्या कप्प्यात ठेवूच नये. टाकीचे काम पाणी स्थिर ठेवण्याचे आहे, म्हणजे गाळ खाली बसतो, तवंग वर राहतो आणि मधले पाणी पुढे जाते. आतच पंप चालवला की पातळी झपाट्याने उतरते, गाळ ढवळला जातो आणि तोच पंपात येतो. टाकीच्या निर्गम नळीपुढे एक छोटा वेगळा खड्डा बांधावा आणि पंप त्यात, तळापासून थोडा उचलून बसवावा.

तुमची उंची २.५ मीटर, २ इंची पाइपमध्ये मिनिटाला १५० लिटर जाताना १८ मीटरमधील घर्षण सुमारे पाऊण मीटर, बेंड आणि व्हॉल्व्हचे तितकेच; एकूण हेड ४ मीटरच्या आत-बाहेर येते. पंपावर ठळक छापलेले हेड बहुतेक वेळा कमाल असते, ज्यावर एक थेंबही बाहेर पडत नाही. म्हणून पंपाच्या माहितीपत्रकातील तक्त्यात ४ ते ५ मीटर हेडवर मिनिटाला १५० लिटर मिळतात का ते पाहावे. अर्धा ते पाऊण अश्वशक्तीत हे बसते. भरपूर हेडचा मोठा पंप इतक्या कमी उंचीवर चालवला की तो गरजेपेक्षा जास्त पाणी फेकतो, त्यामुळे करंट जास्त ओढतो आणि तापतो. दीड अश्वशक्तीचा विचार सोडून द्यावा, हे त्यामुळेच. पाइपही दीड इंची करू नये, अडकण्याचा धोका वाढतो.

आणखी एक शंका. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यात विटांच्या टाकीला चिरा पडणे नवे नाही. श्रावणात घरी कुणी नसतानाही पंप पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर जमिनीतले पाणी टाकीत झिरपत आहे असे समजावे. तसे असेल तर कोणताही पंप आणला तरी त्याला विसावा मिळणार नाही. आधी टाकी दुरुस्त करावी लागेल. गाळ किती साचला आहे तेही पाहून घ्या, दोन-तीन वर्षांतून एकदा तो काढणे आवश्यक असते.

हुडकेश्वरवासी

दोघांचेही आभार. पावसाळ्यात पंप सारखा सुरू होतो, हे खरे आहे. टाकी आधी तपासून घेतो. कटरवाल्या पंपाबद्दल मात्र दुकानदार फार आग्रह करतो. आणि वेगळ्या खड्ड्यातला पंप अडकला तर काढायला आत कोण उतरणार?

वायंडिंग कारागीर

टाकी नसताना कच्चा मैला बारीक पाइपातून लांब न्यायचा असेल तेव्हा कटर लागतो. तुमच्याकडे जड भाग टाकीतच बसतो, मग पात्यांना धार लावण्याचा खर्च कशाला?

आत कुणीही उतरू नये, एका मिनिटासाठीही नाही. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की त्याचा वासच येईनासा होतो आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. सुरक्षेच्या साधनांविना कुणाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे. पंपाच्या कड्याला स्टेनलेस स्टीलची साखळी बांधून तिचे टोक झाकणाजवळ अडकवा आणि डिलिव्हरी पाइपला वरच हाताला येईल असा युनियन जोड (पाइप न कापता खोलता येणारा) द्या, म्हणजे दोन माणसे बाहेर उभी राहून पंप ओढून काढतील. केबलला धरून कधीही ओढू नका, पाणी तेथूनच शिरते.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे न येऊ देणारा) बसवल्यावर त्याच्या खाली पाइपला ४-५ मिलिमीटरचे छिद्र पाडा, नाहीतर हवा अडकून पंप नुसता घुमत राहतो. फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा) असा बांधा की पाणी मोटरच्या खाली जाण्याआधीच पंप बंद होईल. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा. केबलचा जोड खड्ड्यात न ठेवता बाहेर भिंतीवरच्या डब्यात करा, कारण हायड्रोजन सल्फाइडने तांबे काळे पडून जोड सैल होतो. त्यासाठी पंप घेतानाच सलग १० मीटर केबलचा मागा.