एका लढाईत स्पार्टा कसं खचलं?

प्रश्न: इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीवर गेलेलं अथेन्सचं आरमार आणि फौज दोन्ही गेली, तरी अथेन्स पुढे नऊ वर्षं लढलं. स्पार्टा मात्र ३७१ मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत थीब्जकडून हरलं आणि पुन्हा पहिल्या जागी आलंच नाही. असं का?

प्रतिसाद १: झालेलं नुकसान कशाने भरून निघतं, ते बघा. अथेन्सचं बळ जहाजांत, आणि जहाज पैशाने उभं राहतं. एका ट्रायरीमवर (वल्ह्यांच्या युद्धनौकेवर) २०० माणसं, त्यांतले १७० वल्हेकरी. माणशी रोज एक ड्राख्मा (ग्रीक नाणं) पगार धरला तर महिन्याला ६,००० ड्राख्मा, म्हणजे बरोबर एक टॅलंट. ४३१ मध्येच १,००० टॅलंट बाजूला काढले होते. सिसिलीनंतर त्यांनाच हात घातला. ४०६ मध्ये तर ३० दिवसांत ११० जहाजं निघाली, वल्ह्यावर गुलामसुद्धा बसवले.

स्पार्टाचा पूर्ण नागरिक असा विकत मिळत नव्हता. ४७९ मध्ये प्लॅटियाच्या लढाईत ते ५,००० होते. ल्युक्ट्राला आले ७००, पडले ४००, राजा क्लिओम्ब्रोटसही त्यांतच.

प्रतिसाद २: ही गळती रणांगणाबाहेरचीच जास्त. स्पार्टात सामायिक पंगतीला प्रत्येकाने दर महिन्याला वाटा द्यायचा: एक मेडिम्नोस (धान्याचं ग्रीक माप) जवाचं पीठ, वाइन, पाच मिना चीज (दोनेक किलो), थोडे अंजीर. वाटा चुकला की नागरिकत्वाचे हक्क गेले. वारसा आणि हुंड्यातून जमिनी मोजक्या घरांत साचत गेल्या, तसे वाटा न परवडणारे वाढले. बरं, त्यांना परत आत घ्यायची सोयही नव्हती. कायदा इतका कडक, की ल्युक्ट्राहून जिवंत परतलेल्यांचे हक्कही काढून घ्यावे लागले असते. तसं केलं तर उरतो कोण? शेवटी राजा अजेसिलाऊसने ‘आजचा दिवस कायद्याला झोपू द्या’ म्हणत वेळ मारून नेली.

प्रश्नकर्ता: म्हणजे ल्युक्ट्राला थीब्जचा सेनापती असलेल्या एपामिनोंडासच्या डावपेचाला फार अर्थ नाही?

प्रतिसाद १: आहे तर! डावी बाजू ५० ओळी खोल केली, समोर स्पार्टाच्या १२. पण माझ्या मते त्याचा खरा घाव ३६९ चा. त्याने स्पार्टाच्या ताब्यातल्या मेसेनिया प्रांतातल्या हेलटांना (स्पार्टासाठी जमीन कसणाऱ्या दासांना) मोकळं करून तिथे तटबंदीचं शहर वसवलं. पंगतीचं जव ज्या जमिनीवर पिकायचं, त्यातला मोठा हिस्सा तोच. ३६२ च्या मँटिनियाच्या लढाईनंतर सगळ्यांनी तह केला. मेसेनियाला मान्यता द्यावी लागेल म्हणून स्पार्टा एकटंच बाहेर राहिलं.