मदत हवी आहे : हबे आमरीची पानं पिवळी पडताहेत, कंद कुजतोय का?

रानफूल : कुंडीत हबे आमरी (हाबेनारिया, जमिनीत कंदातून वाढणारं ऑर्किड) आहे. साधारण ४० सेंमीच्या दांड्यावर हिरवट-पांढरी फुलं येऊन गेली. आता खालची दोन पानं टोकाकडून बुंध्याकडे पिवळी होताहेत. कुंडी ५ इंची. मिश्रणात निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी माती आणि थोडं परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे खनिज दाणे). पाणी एक दिवसाआड. झाड झोपायला निघालंय की कंद कुजतोय? कंद उकरून बघू का?

मातीचा वास : उकरू नका. दांड्याभोवतीचं वरचं दोन सेंमी मिश्रण बोटाने बाजूला करून बुंधा हलकेच दाबा. घट्ट आणि फिकट हिरवा असेल तर झाड सुप्तावस्थेत, म्हणजे वाढ थांबवून विश्रांतीत चाललंय. कूज असेल तर बुंधा काळपट, पाणचट लागतो, वास येतो आणि पान ओढताच हातात येतं.

हबे आमरीचा जुना कंद दर हंगामात खर्ची पडतो आणि शेजारी नवा भरतो. पुढचं झाड त्या नव्या कंदातून येतं. पानं पिवळी होतात तेव्हा त्यांच्यातलं अन्न खाली उतरत असतं, म्हणून अर्धवट हिरवं पान कापलंत तर कंद लहान राहील. पान वाळून कागदासारखं होऊ द्या.

रानफूल : बुंधा घट्ट आहे, वास नाही. मग पाणी?

मातीचा वास : एकदम तोडू नका. आत्तापासून निम्मं करा, दांडा पूर्ण वाळला की थांबवा. मला खरी काळजी कोकोपीटची वाटते. वरून कोरडं दिसतं, तळाशी ओल धरून बसतं. बांबूची काडी तळापर्यंत खुपसून अर्ध्या तासाने काढा. ओली निघाली तर त्या दिवशी पाणी नाही.

मिश्रण आत्ता बदलू नका, नव्या कंदाला जोडणारं मूळ तुटेल. दांडा वाळून आपोआप सुटला की मगच कंद काढा. तपकिरी, पोकळ झालेला जुना कंद टाका. फिकट, टणक तो नवा. नवं मिश्रण : दोन भाग परलाइट, दोन भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग चाळलेली पानकुजी (कुजलेला पालापाचोळा). शेणखत नको.

पाणथळ : एक भर. कंद वाटाण्याएवढाच असेल तर महिनोन्‌महिने ठणठणीत कोरडा ठेवल्याने सुकून सुरकुततो. अशा वेळी तीन-चार आठवड्यांनी कुंडीच्या कडेने दोन चमचे पाणी द्यावं. मोठ्या कंदाला तेवढंही नको.

लावताना वाळलेला दांडा जिथे चिकटला होता ते टोक वर, ३-४ सेंमी खोल. ओळखू येत नसेल तर आडवा ठेवा, कोंब वाट काढतो. कोंब वर दिसेपर्यंत मिश्रण जेमतेम दमट हवं. बहुतेक कंद याच काळात जातात, कारण मुळं नसताना भरपूर पाणी दिलं जातं. पुढे कोवळ्या पानांच्या पेल्यात पाणी साचू देऊ नका, मधला गाभा सडतो. खत पानं उघडल्यावरच, पाकिटावरच्या मात्रेच्या चौथाईने, आणि फुलं संपली की बंद.

रानफूल : संख्या वाढवायला रानातले कंद आणले तर?

पाणथळ : कृपा करून नको. झाड उपटलं की त्याचं बीही गेलं. ते धुळीएवढं, स्वतःचा अन्नसाठा नसलेलं. रुजायला मातीतली ठरावीक बुरशी लागते, म्हणून गेलेली जागा सहज भरून निघत नाही. एखाद्या हंगामात एकाऐवजी दोन कंद भरतात, तेच वेगळे लावा.