स्पोर्ट्स बाइक सोडून क्रूझर घेतली: तुमचे अनुभव लिहा

स्पोर्ट्स बाइकवरून (पुढे वाकून चालवायची वेगवान गाडी) क्रूझरवर (लांब, बुटकी, निवांत बसून चालवायची गाडी) आलेल्यांसाठी हा धागा. काय सुटलं, काय मिळालं, हातापायांना नव्याने काय शिकावं लागलं, ते सविस्तर लिहा. "आता वय झालं, क्रूझर घे" हे वाक्य मला मनापासून खटकतं. क्रूझर चालवायलाही कसब लागतं, आणि ते स्पोर्ट्स बाइकच्या कसबापेक्षा वेगळं असतं.

सुरुवात मी करतो. मी 1,000 सीसीच्या स्पोर्ट्स बाइकवरून मोठ्या व्ही-ट्विन क्रूझरवर (इंजिनाचे दोन सिलिंडर V आकारात) आलो. या दोन जातींचा सांगाडाच निराळ्या कामासाठी बांधलेला असतो. यामाहा आर-वन या स्पोर्ट्स बाइकचा पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) उभ्या रेषेपासून 24 अंश कललेला, दोन चाकांमधलं अंतर 1,405 मिमी, वजन 200 किलोच्या आसपास. हार्ले फॅट बॉय या क्रूझरचा कल 30 अंश, चाकांमधलं अंतर 1,665 मिमी आणि वजन 300 किलोच्या पुढे. पहिली गाडी मनात आलं की वळते, दुसरीला वळायला सांगावं लागतं. पण सरळ रस्त्यावर तीच दुसरी गाडी आपली रेघ सोडत नाही, हँडलवर हात नुसते टेकवले तरी पुरतं. वळवण्याची पद्धत मात्र दोन्हीकडे सारखीच: डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढे ढकलायची. क्रूझरचं हँडल रुंद असल्यामुळे हे ढकलणं वाटतं त्यापेक्षा हलकं जातं.

मनगटं आणि मान सुटली, हा पहिला फायदा. स्पोर्ट्स बाइकच्या क्लिप-ऑन हँडलवर (खाली बसवलेल्या दोन सुट्या आखूड मुठी) शरीराचा पुढचा भार तळहातांवर येतो आणि हेल्मेटचं वजन मानेने उचलून धरायचं असतं. सुसाट वेगात समोरचा वारा छातीला थोडा आधार देतो, गर्दीत तोही नसतो.

* * *

ब्रेकबद्दल लिहितो, कारण त्यावर कोणी फारसं बोलत नाही.

स्पोर्ट्स बाइक आखूड आणि उंच. पुढचा ब्रेक दाबला की सगळं वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं चाक हलकं होतं, फारच जोरात दाबला तर उचललंही जातं. त्यामुळे उजवा पाय जवळजवळ निवृत्त झालेला असतो. क्रूझर लांब आणि बुटकी, शिवाय बसणाऱ्याचं वजन मागच्या बाजूला. ब्रेक मारल्यावरही मागच्या टायरवर बराच भार शिल्लक राहतो, म्हणून मागचा ब्रेक इथे खरोखर काम करतो. बऱ्याच क्रूझरना पुढे एकच डिस्क असते, आणि दोन बोटांनी लिव्हर दाबायची सवय असेल तर गाडी थांबतच नाही असं वाटतं. चार बोटं घ्यायची, दोन्ही ब्रेक एकत्र लावायचे. मुख्य काम तरीही पुढचाच ब्रेक करतो, हे विसरायचं नाही.

पाय पुढे ताणून ठेवायची रचना असेल तर आणखी एक अडचण येते. अचानक थांबायची वेळ आली की पाय जुन्या सवयीने ढुंगणाखाली पेडल शोधतो आणि तिथे पेडल नसतं. मी रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम चाळीसच्या वेगाने जाऊन पुन्हा पुन्हा थांबत होतो. नजर समोर, पाय आपोआप पेडलवर, असं होईपर्यंत मी गर्दीत गाडी नेलीच नाही. नवी क्रूझर घेतलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो.

* * *

वळणाचं सांगते. स्पोर्ट्स बाइकवर माझा गुडघा जमिनीच्या जवळ जाई तेव्हा कुठे गाडी रंगात येई. क्रूझरवर त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्तच झुकण्याला फूटबोर्ड, म्हणजे पाय ठेवायची पट्टी, रस्त्याला घासतो. आवाज खरखरीत, बुटाच्या तळव्यातून थेट जाणवतो. फूटबोर्ड किंवा पेग (पाय ठेवायचा छोटा दांडा) वर दुमडतो, त्यामुळे तो पहिला इशारा समजायचा. त्यानंतर आणखी झुकवलं तर सायलेन्सर किंवा फ्रेम टेकते. ती दुमडत नाही, ती टायरलाच रस्त्यावरून उचलू शकते.

घासल्यावर दचकून थ्रॉटल सोडायचा नाही. सोडला की पुढचं सस्पेन्शन दबतं आणि जमिनीपासूनची उंची आणखी कमी होते. थ्रॉटल स्थिर ठेवून धड वळणाच्या आतल्या बाजूला न्यायचं, म्हणजे तेवढ्याच वळणाला गाडी कमी झुकवावी लागते. हे तंत्र स्पोर्ट्स बाइकवरचंच आहे, इथेही उपयोगी पडतं. आणि वेग वळणात शिरण्याआधीच कमी करायचा. वळणात शिरल्यावर हिशोब बदलायची मुभा क्रूझर फारशी देत नाही.

हे सगळं समजल्यावर वळणं मला पुन्हा आवडायला लागली. वेग कमी असतो, पण वळणाचा आकार आधी वाचावा लागतो आणि तो बरोबर वाचता आला की फार समाधान वाटतं.

* * *

माझा अनुभव उलटा आहे, तोही नोंदवला जावा. मनगटं सुटली हे खरं, पण कंबर धरली. पाय पुढे असले की धडाचा सगळा भार माकडहाडावर येतो. स्पोर्ट्स बाइकवर खड्डा दिसला की पेगवर जोर देऊन ढुंगण जरा उचलता येतं. पाय पुढे ताणलेल्या क्रूझरवर तसं उठताच येत नाही, आणि मागच्या सस्पेन्शनचा प्रवासही कमी असतो. प्रत्येक दणका थेट मणक्यात. सीट बदलली, शॉक बदलले, थोडा फरक पडला, पुरेसा नाही. आता मी सरळ बसायची नेकेड बाइक (बाहेरून आवरण नसलेली) चालवतो आणि सुखी आहे. ज्यांच्या कंबरेचं दुखणं जुनं आहे त्यांनी शोरूमभोवती एक फेरी मारून निर्णय घेऊ नये. तासभर तरी गाडी मागून घ्यावी, आणि खराब रस्त्यावरून न्यावी.

* * *

वरच्या प्रतिसादाला जोडून: पेग मधोमध असलेल्या क्रूझरही मिळतात. त्यावर पाय साधारण गुडघ्याखाली येतात, उभं राहता येतं. कावासाकी व्हल्कन एसमध्ये तर पेगची जागा पुढेमागे सरकवता येते.

* * *

मी होंडा सीबीआर 500 आरवरून रेबेल 500 वर आले. दोन्हीत मुळात एकच 471 सीसीचं पॅरलल ट्विन (शेजारी शेजारी दोन सिलिंडर असलेलं) इंजिन, वजनातही फारसा फरक नाही, त्यामुळे बदललं नेमकं काय ते मला स्वच्छ कळलं. सीटची उंची 785 मिमीवरून 690 वर आली. माझी उंची कमी आहे. आधीच्या गाडीवर सिग्नलला एका पायाचा चवडा टेकायचा, रस्त्याला उतार असेल तर कोणत्या बाजूला झुकायचं हे थांबण्याआधी ठरवावं लागे. आता दोन्ही टाचा टेकतात. पार्किंगमधून गाडी मागे घेताना कोणाला हाक मारावी लागत नाही.

रेबेलचं इंजिन खालच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जास्त ओढेल असं बसवलेलं आहे. त्याच गतीला गिअर एकाने वरचा चालतो. वरच्या आरपीएमचा जोर कमी झाला, त्याची मला अधूनमधून आठवण येते, नाही म्हणणार नाही.

* * *

इंजिनाचा विषय निघालाच आहे तर. मी चार सिलिंडरच्या सीबीआर 600 आरआरवर वाढलो. ती 15,000 आरपीएमपर्यंत किंचाळत जायची आणि खरी मजा 10,000 च्या पुढे सुरू व्हायची. मोठी हार्ले 5,500 च्या आसपास संपते. सुरुवातीला प्रत्येक गिअरमध्ये मी लिमिटरवर (फेरे ठरावीक मर्यादेत रोखणारी यंत्रणा) आदळत होतो, कारण कान वेगळ्या सुराची वाट बघत असायचे.

हार्लेचे दोन सिलिंडर 45 अंशांत आणि दोन्ही पिस्टनचे रॉड एकाच क्रँकपिनवर (रॉड जिला जोडतात ती फिरती खुंटी). त्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत: एकदा 315 अंशांनी, मग 405 अंशांनी. तो लंगडा ठेका तिथून येतो. या ठेक्यावर गिअर लवकर टाकायला शिकलो. ओव्हरटेक करताना दोन गिअर खाली यायची गरज उरली नाही, मूठ पिळली की 2,500 वरूनच गाडी निघते. पण फार खाली नेऊन टॉप गिअरमध्ये इंजिन धडधडवत ओढू नका, त्याने ट्रान्समिशनला मार बसतो. आणि मागच्या सिलिंडरची उष्णता उजव्या मांडीला लागते, गर्दीत चांगलीच.

* * *

मी चालवत नाही, मागे बसते. स्पोर्ट्स बाइकवर गुडघे पोटाशी आणि प्रत्येक ब्रेकला मी नवऱ्याच्या पाठीवर. क्रूझरला पाठटेकू लावून घेतला आणि आता मी लांबच्या प्रवासाला स्वतःहून तयार होते. मात्र काही क्रूझरना मागे नुसता मडगार्डवरचा छोटा तुकडा असतो, तो सीट म्हणवतो इतकंच. मागे कोणी बसणार असेल तर त्यांना घेऊन गाडी बघायला जा.

* * *

प्रश्न: बाकी सगळं जमलं, पण क्रूझरवर यू-टर्न घेताना धडकी भरते. पुढचं चाक आपणहून आत पडतं असं वाटतं. कोणी सांगेल का?

* * *

खरंच पडतं. फोर्क जितका कललेला तितकं संथ वेगात हँडल वळलेल्या बाजूला जास्त ओढलं जातं. क्लच अर्धा धरून ठेवा, थ्रॉटल थोडा स्थिर द्या आणि मागचा ब्रेक हलकासा लावलेला असू द्या. तिन्ही एकमेकांविरुद्ध ओढतात आणि गाडी ताठ राहते. हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला बोटही लावायचं नाही, तेवढ्याने गाडी आतल्या बाजूला बसते. नजर पुढच्या चाकाकडे नको. हनुवटी खांद्यापर्यंत वळवून, जिथे बाहेर पडायचंय तिथे बघा. मोकळ्या मैदानात आधी मोठं वर्तुळ घ्या, मग हळूहळू लहान करत जा, आणि दोन्ही बाजूंनी करा. उजवीकडचं बहुतेकांना जड जातं, कारण हँडल उजवीकडे वळल्यावर थ्रॉटलचा हात अंगाजवळ येऊन अवघडतो. त्या बाजूला जास्त वेळ द्या.