विषय: लंडन–ॲमस्टरडॅम विमानाला उशीर, व्हाउचर घ्यायचं का?

नमस्कार मंडळी,
शुक्रवारी संध्याकाळी सहलीच्या गटाचं विमान स्किपोलला वेळापत्रकापेक्षा २ तास ५२ मिनिटं उशिरा टेकलं. कंपनी म्हणते, भरपाईसाठी लागणारे तीन तास भरले नाहीत, शिवाय उशिराचं कारण सकाळचं धुकं. माणशी ४० पौंडांचं व्हाउचर देताहेत. काय करावं?
— सहल समिती

उत्तर १:
व्हाउचरला हात लावू नका. भरपाई पैशांतच द्यायची असते. व्हाउचर चालतं ते प्रवाशाने सही करून मान्य केलं तरच.

चाकं टेकली ती वेळ धरत नाहीत. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलंय की एक तरी दरवाजा उघडून प्रवाशांना उतरता येईल, तो क्षण मोजायचा. विमान पोल्डरबान या स्किपोलच्या लांबच्या धावपट्टीवर उतरलं असेल तर टर्मिनल गाठायलाच पाव तास सहज जातो, म्हणजे तीन तास तिथेच भरतात. दरवाजा उघडल्याची वेळ कंपनीकडून लेखी मागवा. कुणी आत बसून ‘अजून दार उघडलं नाही’ असा मेसेज टाकला असेल तर तो जपून ठेवा.

आता धुकं. कारण हाताबाहेरचं असेल तर कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही, आणि धुकं तसं आहेच, पण ते सकाळचं. अशा छोट्या मार्गावर सहसा तेच विमान दिवसभर फेऱ्या मारतं. आधीच्या फेरीची अडचण कंपनीला पुढे करता येते, मात्र थेट संबंध दाखवावा लागतो आणि उशीर टाळायला काय काय केलं तेही. फ्लाइट ट्रॅकरवर विमानाचा नोंदणी क्रमांक काढून त्या दिवसाच्या फेऱ्या बघा. दुपारच्या फेऱ्या वेळेवर झाल्या असतील तर धुक्याची सबब टिकत नाही. मधेच यंत्रात बिघाड झाला असेल तर तो सहसा कंपनीच्याच माथी. वैमानिक आजारी पडला तरी तेच, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलंय. पक्षी धडकला तर मात्र कंपनी सुटू शकते.

उत्तर २:
काकांच्या वरच्या उत्तराला थोडी पुरवणी. अंतर १५०० किमीच्या आत आणि विमान लंडनहून निघालेलं, म्हणून ब्रिटिश नियमाने माणशी २२० पौंड. तिकीट २५ पौंडांचं असलं तरी रक्कम तीच! ॲमस्टरडॅमहून परतताना असं झालं तर २५० युरो. निघायलाच दोन तास उशीर होणार असेल तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं. दिलं नसेल तर पावत्या जोडा. बिअरची सोडून.

मुंबईला जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. लंडन–ॲमस्टरडॅम–मुंबई एकाच बुकिंगवर असेल आणि पहिल्या टप्प्याच्या उशिराने पुढचं विमान चुकलं, तर मुंबईला पोचायला झालेला उशीर मोजतात आणि अंतर लंडन ते मुंबई धरतात. चार तासांहून जास्त उशीर झाला तर ५२० पौंड, तीन ते चार तासांत त्याच्या निम्मे. स्वस्तात पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढलीत तर चुकलेल्या विमानाचा भुर्दंड तुमचाच. मुंबईहून भारतीय कंपनीने थेट लंडनला येताना यातलं काहीच लागू नाही.

दावा कंपनीच्या संकेतस्थळावर करा, प्रत्येक प्रवाशाचं नाव घालून. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर कंपनी ज्या तंटा-निवारण संस्थेची सभासद असेल तिच्याकडे जा. सभासद नसेल तर ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाकडे. शेवटी स्मॉल क्लेम्स कोर्ट आहेच, इंग्लंडमध्ये त्यासाठी सहा वर्षांची मुदत असते. दलाल कंपन्या मोठा वाटा कापून घेतात, फॉर्म मात्र तोच भरतात.

सहल समिती:
ताई, काही जणांनी बोर्डिंग पास फेकून दिलेत.

उत्तर २:
अडत नाही. पक्कं झालेलं बुकिंग पुरेसं आहे, २०१९ चा तसा निकाल आहे. ती ईमेल जोडा आणि आधी व्हाउचरला लेखी नकार कळवा.