फुटणाऱ्या ताऱ्यांवर विश्वाचं माप किती टेकवायचं?

ध्रुवमत्स्य

विश्व प्रसरण पावतंय याबद्दल माझा वाद नाही. आक्षेप आहे तो मापाबद्दल. टाइप वन-ए सुपरनोव्हांना, म्हणजे श्वेत बटू (सूर्यासारख्या ताऱ्याचा शेवटी उरलेला दाट गाभा) फुटून होणाऱ्या स्फोटांना, जिथे तिथे ‘प्रमाण दीप’ म्हटलं जातं. सगळ्यांची खरी तेजस्विता सारखी, म्हणून मंद दिसेल तो लांबचा. पण ते सारखे नसतातच! जास्त तेजस्वी असतात ते सावकाश मावळतात, हे मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखवलं. म्हणजे आधी तेजस्विता ‘दुरुस्त’ करायची आणि मग अंतर काढायचं. त्यात श्वेत बटू नेमका फुटतो कसा, जोडीदार ताऱ्याकडून वायू ओढून की दुसऱ्या बटूवर आदळून, हेच अजून ठरलेलं नाही. अब्जावधी वर्षांपूर्वीही ते असेच फुटत होते, हे कशावरून? एवढ्या आधारावर १९९८ मध्ये ‘विश्वाचं प्रसरण वेग घेतंय’ असं जाहीर झालं आणि २०११ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. मला ही घाई वाटते.

वर्णपट

घाई? १९९८ चा हा शोध लावणारे पर्लमटर यांचा गट आणि श्मिट-रीस यांचा गट एकमेकांशी स्पर्धेत होते, आणि दोघेही प्रसरण किती *मंदावतंय* हे मोजायला निघाले होते. उत्तर उलटं आलं, तेही दोघांना.

आता ‘दुरुस्ती’बद्दल. हा शब्द ऐकला की आकडे हवे तसे वळवल्यासारखं वाटतं, म्हणून एक ताराच घेऊ. ऑगस्ट २०११ मध्ये एम १०१ या दीर्घिकेत, सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षांवर, एक सुपरनोव्हा स्फोटानंतर काही तासांतच सापडला. त्याची जाहीर झालेली निरीक्षणं मी आलेख-कागदावर एकेक टिंब देत मांडली होती. अडीच-तीन आठवडे रेघ चढत जाते, दहाव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) आसपास माथा गाठते, आणि तिथून पंधरा दिवसांत निळ्या प्रकाशात साधारण १.१ प्रत खाली येते. हा १.१ आकडा ताऱ्यानेच दिलेला आहे, आपण पदरचं काही घातलेलं नाही. मावळण्याचा वेग मोजायला अंतर माहीत असावं लागत नाही, हीच तर त्यातली गोम आहे.

त्यामागे कारणही आहे. स्फोटात निकेल-५६ तयार होतं. त्याचा अर्धायुकाल सहा दिवस. त्याचं कोबाल्ट होतं, त्याचा ७७ दिवस, आणि शेवटी लोखंड. निकेल जास्त तर उजेड जास्त, आणि तापलेला मलबा जास्त अपारदर्शक राहतो, म्हणून उजेड बाहेर पडायला वेळही जास्त. स्फोटाची ठिणगी कुठे पडली हे माहीत नसलं तरी किती निकेल जळतंय ते दिसतं.

मृगशीर्ष

वर्णपट, निकेलचा मुद्दा पूर्ण मान्य. तरी ध्रुवमत्स्य यांची शंका इतक्या सहज मोडीत काढू नका. दुरुस्तीनंतरही एक काटा उरतोच: जड दीर्घिकांमधले सुपरनोव्हा हलक्या दीर्घिकांमधल्यांपेक्षा किंचित, सहा-सात शतांश प्रतीने, तेजस्वी ठरतात. हे वयामुळे की धुळीमुळे, यावर अजून भांडण चालू आहे. मूळ ताऱ्याचं वय कारणीभूत असेल तर ते जास्त गंभीर, कारण जितकं लांब पाहू तितके तारे तरुण.

आणि शतांश प्रती आता क्षुल्लक राहिलेल्या नाहीत. दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेसी प्रकल्पाने २०२४ मध्ये डार्क एनर्जी (प्रसरणाला वेग देणारी अज्ञात ऊर्जा) काळानुसार बदलत असल्याचे संकेत दिले. त्यांची मोजमापं सुपरनोव्हांच्या तीन वेगवेगळ्या संचांशी जोडली तेव्हा संकेताचं बळ २.५, ३.५ आणि ३.९ सिग्मा (सिग्मा जितके जास्त तितकी निव्वळ योगायोगाची शक्यता कमी) असं आलं. आकाश तेच, संच बदलला की बळ बदलतं. माप किती टेकवायचं हा प्रश्न इथे खरोखर उभा राहतो.

ध्रुवमत्स्य

मला हेच म्हणायचं होतं. १९९८ मध्येही लांबचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा साधारण पाव प्रतच मंद निघाले होते. मधली धूळ तेवढं सहज करू शकते.

वर्णपट

नेहमीची धूळ प्रकाश लाल करते, ते रंगावरून पकडता येतं. सगळे रंग सारखेच अडवणारी करडी धूळ असेल तर? ही शंका तेव्हाच घेतली गेली होती. धूळ साचत गेली असती तर आणखी लांबचे सुपरनोव्हा आणखी मंद दिसायला हवेत. हबल दुर्बिणीने रेडशिफ्ट (प्रसरणामुळे प्रकाशलहरी किती ताणल्या गेल्या त्याचं माप; जितकं जास्त तितकं लांब) १ च्या पलीकडचे शोधले, २००४ मध्ये निकाल आला, आणि ते उलट त्या मानाने तेजस्वी निघाले. त्या काळात पदार्थाचं गुरुत्व वरचढ होतं, प्रसरण मंदावत होतं. धूळ, किंवा तारे सरळ रेषेत मंद होत जाणं, यांपैकी काहीच असा वळसा घेत नाही.

शिवाय रेडशिफ्ट ०.५ वरचा सुपरनोव्हा जवळच्यापेक्षा दीडपट सावकाश उजळतो आणि मावळतो. वीस दिवसांचं काम तीस दिवसांत. प्रसरणाचा हा पुरावा तेजस्वितेवर अवलंबूनच नाही.

नवशिकी

मध्येच विचारते. हबल स्थिरांक, म्हणजे प्रसरणाचा आजचा दर, सुपरनोव्हांवरून ७३ आणि प्लँक उपग्रहाने मोजलेल्या पार्श्वप्रारणावरून (बाल्यावस्थेतल्या विश्वाच्या उरलेल्या प्रकाशावरून) ६७.४ येतो, हेही वाचलं. मग सुपरनोव्हाच चुकताहेत असं नाही का होत?

मृगशीर्ष

चांगलं विचारलंत, कारण या धाग्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. प्रसरण वेग घेतंय का, हे ठरवायला सुपरनोव्हांची *आपापसांतली* तुलना पुरते. जवळचा आणि लांबचा यांत किती फरक, एवढंच. ७३ साठी मात्र खरी तेजस्विता हवी, आणि ती सुपरनोव्हा स्वतः सांगत नाही. ती सेफाइड ताऱ्यांकडून (ठरावीक काळाने उजळणारे-मंदावणारे तारे; त्या काळावरून त्यांची खरी तेजस्विता कळते) उसनी घ्यावी लागते, सेफाइड लंबनावरून (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती सरकलेला दिसतो त्यावरून) बेतावे लागतात. रीस यांच्या गटाने २०२२ मध्ये ७३ दिला तेव्हा ही मधली पायरी ३७ दीर्घिकांमधल्या ४२ सुपरनोव्हांवर उभी होती. चूक असलीच तर ती इथे, खालच्या पायरीवर असण्याची शक्यताही आहे.

ध्रुवमत्स्य

हा भेद मी केला नव्हता. २००४ चा निकाल आणि ही तुलना पाहता प्रसरण वेग घेतंय यावरचा आक्षेप मागे घेतो. पण डार्क एनर्जी बदलतेय असा निष्कर्ष शतांश प्रतींवर काढायला माझा विरोध कायम आहे, आणि ७३ लाही. ४२ तारे फार थोडे आहेत.

वर्णपट

पहिल्याबाबत मीही तुमच्या बाजूने. दुसऱ्याबाबत नाही. दाटीत शेजारच्या ताऱ्यांचा उजेड मिसळून हबलने सेफाइड चुकीचे मोजले असावेत, हा मोठा संशय होता. जेम्स वेब दुर्बिणीने तेच सेफाइड इन्फ्रारेडमध्ये कितीतरी स्पष्ट पाहिले. आकडे हबलच्या आकड्यांशी जुळले.